हँडल वाकडं, गाडी सरळ: शॉकअप बदलायच्या आधी

मोटारसायकल पडल्यावर पुढचे शॉकअप बदलावेत का, हे विचारताना तुम्ही जे लिहिलंय त्यातली एक ओळ मी दोनदा वाचली: "हँडल थोडं डावीकडे वळवून धरलं की गाडी सरळ जाते." बाकी हकिगत नेहमीचीच. पाऊस, पुण्यात म्हात्रे पुलाच्या अलीकडे ब्रेक दाबला, वेग वीस-पंचवीसचा, पुढचं चाक दुभाजकाला बाजूनं लागलं, तुम्हाला खरचटण्यापलीकडे काही नाही. आणि गॅरेजवाला गाडीकडे उभ्या उभ्या बघून म्हणाला, दोन्ही शॉकअपचे पाईप आणि टी (ते पाईप वर-खाली धरणाऱ्या आडव्या पट्ट्या) बदला, सात हजार. त्यानं काही मोजलं का, असं मी विचारलं असतं. तुमच्या लिहिण्यावरून तरी मोजलेलं दिसत नाही.

शॉकअपचे दोन पाईप वरच्या आणि खालच्या टीमध्ये नुसत्या बोल्टच्या आवळण्यावर धरलेले असतात. चाकाला बाजूनं फटका बसला की पाईप वाकायच्या आधी पुष्कळदा ही पकडच सरकते. खालची टी चाकाबरोबर थोडी फिरते, वरची हँडलबरोबर मागे राहते, आणि दोन पाईप एकमेकांना समांतर न राहता कात्रीसारखे तिरके बसतात. ते वाकलेले नसतात, पिळलेले असतात. हळू वेगातल्या पडण्यात हेच जास्त पाहिलंय मी, आणि यात नवा सुटा भाग एकही लागत नाही.

पण तुमचंही तेच झालंय, हे मी इथून सांगू शकत नाही. ते बघायचं कसं, एवढं सांगतो.

आधी हँडलकडे बघायचं बंद करा. हँडलचा नळा स्वतःच वाकला असेल, किंवा त्याच्या क्लॅम्पखालचे रबरी बुश एका बाजूला दबले असतील, तर बाकी सगळं जागेवर असूनही हँडल वाकडं दिसतं. गाडी मेन स्टँडवर घ्या, पुढे आठ-दहा फुटांवर उकिडवे बसा आणि वरच्या टीची कड व चाकाचा एक्सल, म्हणजे आस, या दोन रेषा एका नजरेत पकडा. दोन्ही समांतर असतील तर दोष हँडलचा किंवा बुशचा, काम थोडक्यात मिटेल. समांतर नसतील तर पुढे वाचा.

इथे बहुतेक लोक थेट पुढच्या चाकाला हात घालतात. मी मागून सुरुवात करतो. मागचं चाकच तिरकं बसलेलं असेल तर पुढचं कितीही नीट केलं तरी गाडी खेकड्यासारखीच चालणार. चेन अॅडजस्टरच्या, म्हणजे मागचं चाक सरकवून चेन ताणायच्या बोल्टांच्या, खुणांवर माझा भरवसा नाही. त्या दोन बाजूंना सारख्या पडलेल्याच असतील असं नाही. स्विंगआर्मच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याच्या, पुढच्या बोल्टच्या मध्यापासून मागच्या एक्सलच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंचं अंतर टेपनं मोजा. एक मिलिमीटरनं काय होतंय, असं वाटेल. दोन अॅडजस्टरमध्ये अंतर साधारण वीस सेंटिमीटर, आणि दोन चाकांमध्ये एक मीटर तीस-चाळीस. म्हणजे मागे एका मिलिमीटरची चूक पुढच्या चाकापाशी सहा-सात मिलिमीटर होऊन दिसते. चेन ताणून घेतल्यावर "गाडी ओढते" म्हणणाऱ्या निम्म्या लोकांचं उत्तर एवढंच असतं.

मग दोरी. नायलॉनची बारीक सुतळी घ्या, मागच्या टायरच्या मागून वेढा देऊन दोन्ही टोकं दोन्ही बाजूंनी पुढे आणा. जमिनीपासून चार-पाच इंचांवर, म्हणजे स्टँड, सायलेन्सर काही आड येणार नाही. पुढे दोन विटांना टोकं बांधा आणि विटा अशा सरकवा की दोरी मागच्या टायरच्या मागच्या आणि पुढच्या, दोन्ही कडांना जेमतेम टेकेल. दाबली जाता कामा नये. आता पुढचं चाक दोऱ्यांच्या मधोमध सरळ करा आणि फट मोजा. तुमच्या टायरवर पुढे ८०/१०० आणि मागे १००/९० असं लिहिलंय म्हणता, त्यातला पहिला आकडा रुंदीचा, म्हणजे रुंदीतला फरक वीस मिलिमीटर, दोन्ही बाजूंना सुमारे दहा-दहाची फट यायला हवी. खरी रुंदी कंपनीगणिक थोडी बदलते, तेव्हा दहाच्या आकड्यापेक्षा डावी-उजवी सारखी आहे का ते बघा. आणि पुढच्या चाकाच्या पुढच्या कडेला व मागच्या कडेला, दोन्हीकडे मोजा. एकदोन मिलिमीटरसाठी जीव टाकू नका. काही मोटारसायकलींची चाकं मुळातच किंचित बाजूला बसवलेली असतात.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये करणार असाल तर आधी जमिनीवर पाणी ओतून ते कुठे वाहतं ते बघा. पार्किंगला गटाराकडे ढाळ असतोच, आणि ढाळावर उभी गाडी मोजून मी एकदा अख्खा रविवार घालवलाय.

दोरीनं चाक कुठे आहे ते कळतं, पाईप पिळलेत का ते कळत नाही. त्याला जुन्या फोटो फ्रेमची काच लागते. शॉकअपचे वरचे चकचकीत पाईप पुसून घ्या आणि काच दोन्ही पाईपांवर समोरून आडवी टेकवा. चारही कोपरे टेकले तर पाईप समांतर आहेत. एक कोपरा उचलला गेला, काच डुगडुगली, तर पीळ आहे. माझ्या मते सगळ्या तपासणीतली ही सगळ्यात प्रामाणिक चाचणी. हातमोजे घाला, कडा कापतात.

पीळ निघाला तर तो काढायचा असा. गाडी मेन स्टँडवर, पुढचं चाक जमिनीला टेकलेलं. पाईप वरच्या टीतून किती वर आलेत तिथे मार्करनं खूण करा, कारण पकड सैल झाली की ते सरकू शकतात. मडगार्डचे बोल्ट सैल करा. एक्सलचा नट सैल, आणि एक्सलला पिंच बोल्ट (बाजूनं आवळून पकडणारा) असेल तर तोही. मग खालच्या टीचे बोल्ट, मधल्या स्टेमचा, म्हणजे दोन टी जोडणाऱ्या दांड्याचा, मोठा नट, आणि वरच्या टीची पकड. कुठे तिथे पिंच बोल्ट असतात, कुठे पाईपच्या डोक्यावरचा मोठा बोल्ट. सगळे सैल म्हणजे अर्धा-एक फेरा, काढायचे नाहीत. आता चाक दोन गुडघ्यांत घट्ट धरा आणि हँडल उजवीकडे ओढा. झटका नको, दमानं. बऱ्याचदा "टक्" असा आवाज येऊन ते जागेवर येतं. काच पुन्हा लावून बघा.

आवळायच्या क्रमावर गॅरेजमध्ये सगळ्यात जास्त घाई होते, म्हणून थोडं थांबून सांगतो. आधी खालची टी, मग स्टेमचा नट, मग वरची टी, मग एक्सल. त्यानंतर गाडी स्टँडवरून उतरवा, पुढचा ब्रेक धरून हँडलवर वजन टाकून शॉकअप पाच-सहा वेळा खाली-वर करा, म्हणजे शॉकअपचे दोन्ही पाय (खालचे भाग) एक्सलवर आपापल्या जागी बसतात. मग एक्सलचा पिंच बोल्ट. मडगार्ड सगळ्यात शेवटी. मडगार्डची पट्टी दोन पायांना जोडते. ती आधी आवळली तर पीळ आहे तसाच कुलूपबंद होतो. माझ्या जुन्या स्प्लेंडरवर मी नेमकं हेच केलं होतं आणि महिनाभर "बहुतेक चेसिस गेली" म्हणत हिंडत होतो. घट्टपणाचा आकडा कंपनीच्या मॅन्युअलमधून घ्या आणि टॉर्क रेंच, म्हणजे घट्टपणा मोजणारा पाना, वापरा. पान्याला पाईप लावून टीचे बोल्ट आवळणाऱ्याकडून गाडी परत घ्या.

एवढं करूनही काच डुगडुगत असेल तर पाईप किंवा टी खरंच वाकलीय. पाईप काढून जाड काचेवर लोळवा. वाकलेला पाईप लगेच उड्या मारतो. तो बहुतेक खालच्या टीच्या लगेच खाली वाकतो. बऱ्याच कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये पाईपच्या वाकाची मर्यादा ०.२ मिलिमीटर असते, म्हणजे डोळ्याला दिसतोय तो वाक मर्यादेच्या बाहेरच. प्रेसवर सरळ करून मिळतो. पाईपवर सुरकुती नसेल, क्रोम फुटलेलं नसेल, तर मी तो चालवून घेतो. सुरकुती असेल तर नवा घ्या, नाना पेठेत दोन-चार दुकानं फिरा. टी अॅल्युमिनियमची असेल तर ती सरळ करायच्या फंदात पडू नका, ती पुढे कधीतरी तडकते.

चाकाची रिमही याच वेळी बघून घ्या. शॉकअपच्या पायाला पेन्सिल टेकवून चाक फिरवा, टोक आणि रिम यांमधली फट कमी-जास्त होते का बघा. दोन मिलिमीटरच्या वर गेली तर आरे असतील तर आउट, म्हणजे रिमचा बाक, काढून घ्या. अलॉय असेल तर आधी तडा शोधा.

आता कोनसेट, म्हणजे हँडल ज्यांवर फिरतं त्या वाट्या-गोट्या. पडण्याशी याचा संबंध कमी आणि पुण्याच्या रस्त्यांशी जास्त. मेन स्टँडवर मागे कुणाला तरी बसवून पुढचं चाक हवेत घ्या. हँडल अगदी हळू इकडून तिकडे फिरवा. मधोमध, चाक सरळ असतानाच खटका लागतो का? आपण दिवसभर चाक सरळ ठेवूनच खड्डे, पेव्हर ब्लॉक आणि ड्रेनेजची झाकणं खातो, त्यामुळे गोट्या वाटीत त्याच जागी खळगे पाडतात. मग गाडी सरळ रेषेतही बारीक बारीक डुलत जाते आणि लोक अलाइनमेंटला दोष देतात. खटका असेल तर आवळून उपयोग नाही. वाट्या-गोट्यांसकट अख्खा सेट बदला. खटका नाही, पण शॉकअपचे खालचे पाय धरून पुढे-मागे ओढल्यावर खडखडतंय, तर सी पान्यानं थोडं आवळा. अती आवळलं तर हळू वेगात गाडी दारुड्यासारखी चालते. बोटानं टिचकी मारल्यावर चाक आपल्या वजनानं दोन्हीकडे पडलं पाहिजे. स्टेमचा वरचा नट तुम्ही सैल करून आवळलाय, म्हणून तुम्हाला हे तपासावंच लागेल.

एकच गोष्ट घरी होणार नाही. मागून बघितल्यावर मागचं चाक उभं आणि पुढचं एका बाजूला कललेलं दिसलं, दोरीच्या फटीही वर-खाली वेगवेगळ्या आल्या, तर चेसिसची मान, म्हणजे स्टेम जिथे बसतो तो भाग, फिरलीय. ती जिगवर, म्हणजे चेसिस पक्की धरणाऱ्या सांगाड्यावर, मोजून सरळ करणाऱ्याकडेच न्या. गॅसनं तापवून ओढून देतो म्हणणारे भेटतील, त्यांना नमस्कार करा. तुमच्या वेगाला हे झालं असेल असं मला वाटत नाही.

चालवून बघायला रविवारी पहाटे निघा. पहिला ब्रेक उभ्या गाडीवरच दाबून बघा. आपल्या रस्त्यांना डावीकडे ढाळ असतो, त्यामुळे कडेनं चालवताना चांगली गाडीही डावीकडे जाते. रस्ता मोकळा असेल तर मध्यावरून चालवून ठरवा. हात सोडून बघू नका, पकड सैल केली तरी कळतं.

आधी मागच्या चाकाची दोन मापं, मग दोरीच्या चार फटी आणि काच टेकली की डुगडुगली, एवढं इथे लिहा. तोवर त्या गॅरेजवाल्याला आगाऊ रक्कम देऊ नका.