दिरहमचा जुना भाव बघून दुबईचा हिशेब मांडताना

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. दुबईतल्या ९,००० दिरहमच्या नोकरीच्या भरवशावर भारतात महिना एक लाख रुपये हप्त्याचं गृहकर्ज घ्यावं का? आणि वीस वर्षांत दिरहम १२ रुपयांवरून २४ वर गेला, तर पुढेही तो असाच चढेल असं धरून चालावं का? दुसऱ्याचं उत्तर आधी देते, कारण कर्जाचा निर्णय त्यावरच अवलंबून आहे.

दिरहमला, म्हणजे संयुक्त अरब अमिरातीच्या चलनाला, स्वतःची अशी चाल नाही. १९९७ पासून एक डॉलर म्हणजे ३.६७२५ दिरहम हे प्रमाण बांधलेलं आहे आणि तेव्हापासून ते बदललेलं नाही. म्हणजे तुम्ही बघताय तो आलेख रुपया आणि डॉलरचाच आहे. जुने आकडे हवे असतील तर रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक सांख्यिकी पुस्तिकेतला डॉलरचा दर घ्या आणि ३.६७२५ ने भागा. तिथे वर्षाची सरासरी आणि वर्षअखेरचा दर वेगवेगळे दिलेले असतात. पगार दर महिन्याला येतो, त्यामुळे तुमच्या कामाची सरासरी.

एक गोष्ट इथे दुबईतल्या जुन्या माणसांनाच आठवते. १९६६ पर्यंत दुबई, कतारसारख्या आखाती राज्यांत भारतीय रुपयाच चालायचा. सोन्याची तस्करी आवरण्यासाठी १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातापुरत्या वेगळ्या नोटा काढल्या, पण किंमत तीच, रुपयाला रुपया. ६ जून १९६६ ला भारताने अवमूल्यन केलं, डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० वर गेला आणि या राज्यांनी रुपया सोडला. दुबईने कतारबरोबर नवा रियाल काढला तो अवमूल्यनाआधीच्या रुपयाच्या मोलाचा, आणि १९७३ मध्ये दिरहम आला तो त्याच रियालच्या जागी, एकास एक. म्हणजे दिरहम हा एका अर्थी १९६६ च्या आधीचा आपला रुपयाच. तो बाजारात आला तेव्हा साधारण दोन रुपयांना पडत होता. इतक्या लांबून पाहिलं तर तुमचं निरीक्षण बरोबरच आहे, रुपया घसरतच आलाय.

पण कर्जाचा हप्ता पन्नास वर्षांच्या सरासरीने भरता येत नाही. १९९८ च्या अखेरीस डॉलर साडेबेचाळीस रुपयांच्या आसपास होता, म्हणजे दिरहम ११.६०. नऊ वर्षांनी, २००७ च्या अखेरीस, डॉलर ३९.४० आणि दिरहम १०.७० च्या आसपास. मध्ये २००२ मध्ये तो १३.३० पर्यंत गेला होता. त्या वर्षी इथे आलेल्या माणसाला पाच-साडेपाच वर्षांनी त्याच दिरहमचे जवळपास वीस टक्के कमी रुपये मिळत होते. आणि नेमक्या त्याच काळात इथली महागाई दहा टक्क्यांच्या वर गेली. चलन डॉलरला बांधलेलं असल्यामुळे व्याजदर अमेरिकेच्या मागोमाग खाली न्यावे लागले, भाडी मात्र भडकली. कुवेतने मे २००७ मध्ये आपलं चलन एकट्या डॉलरला बांधून ठेवणं सोडलं. अमिरातीही तेच करेल अशा पैजा बाजारात लागत होत्या, पण तिने प्रमाण हलवलं नाही. घरी पैसे पाठवणाऱ्याला दोन्ही बाजूंनी मार बसला तो काळ हा. वीस वर्षांचा आलेख २००५ पासून सुरू होतो, म्हणून यातला अर्धाअधिक भाग तुम्हाला दिसतच नाही.

आता तुमचा हप्ता. २४ चा भाव धरला तर एक लाख म्हणजे ४,१६७ दिरहम. भाव त्या वेळसारखा वीस टक्के उतरला तर तोच हप्ता ५,२०८ होईल. वाढलेले हजार दिरहम इथल्या भाड्यातून, मुलाच्या शाळेच्या फीमधून काढावे लागतील. ९,००० मधून आत्ताच ४,१६७ काढणं कुटुंब सोबत असेल तर मला अवघड दिसतं. म्हणून माझं स्पष्ट मत: इतकं कर्ज घेऊ नका. हप्ता अडीच हजार दिरहमच्या आत बसेल एवढंच घ्या, आणि तोही भाव १९ धरून मोजा, म्हणजे साधारण ४७,००० रुपये.

दुसरा मोह असतो भाव चढेपर्यंत पैसे इथेच थांबवून ठेवण्याचा. मे २०१३ मध्ये दिरहम पावणेपंधराच्या आसपास होता आणि ऑगस्टअखेर १८.६० च्या वर गेला. ते पाहून पुढच्या वर्षी कित्येक जण वीस रुपयांच्या भावाची वाट बघत बसले. वीस उजाडला २०१८ च्या शरद ऋतूत. दरम्यान भारतात, निदान सुरुवातीची वर्षं, मुदत ठेवीला आठ-नऊ टक्के व्याज मिळत होतं आणि एनआरई खात्यात (अनिवासी भारतीयांचं, परदेशातली कमाई रुपयांत ठेवण्याचं खातं) ते करमुक्त होतं. रुपया दरवर्षी सरासरी साडेतीन टक्के घसरला तरी व्याजाचा फरक त्यातला बराचसा भरून काढतो, हे वाट बघताना कोणी मोजत नाही.

ज्या पैशांची भारतात गरज नाही त्यांच्यासाठी डॉलरमधली एफसीएनआर ठेव, म्हणजे अनिवासी भारतीयांची भारतीय बँकेतली परकीय चलनातली मुदत ठेव, बघा. मुदत एक ते पाच वर्षं, व्याज भारतात करमुक्त, आणि दिरहम डॉलरला बांधलेला असल्याने विनिमयाचा धोका जवळजवळ नाही. मात्र वर्षाच्या आत मोडली तर व्याज मिळत नाही.

पैसे पाठवताना इंटरनेटवर दिसणारा दर तुम्हाला मिळणार नाही, तो बँकांचा आपसातला असतो. दोन-तीन एक्स्चेंजमध्ये, म्हणजे पैसे बदलून पाठवणाऱ्या पेढ्यांत, एवढंच विचारा: शुल्क धरून अमुक दिरहम दिले तर खात्यात नक्की किती रुपये जमा होतील? नोकरीचं पत्र हातात आलं की भाडं, शाळा आणि वैद्यकीय विमा यांपैकी कंपनी काय देते ते कळवा, मग पुढचा हिशेब आपण दिरहममध्येच मांडू.