वाचकांचे प्रश्न : 'लगान'चं ऑस्कर खरंच ढापलं का?

प्रश्न : ताई, परवा टीव्हीवर परत 'लगान' लागला होता. सवयीप्रमाणे मी म्हणालो की याचं ऑस्कर ढापलं त्या लोकांनी, तर कॉलेजात जाणारी मुलगी म्हणते, बाबा तुम्ही त्या वर्षी ऑस्करच्या शर्यतीतले बाकीचे चार सिनेमे बघितलेत का? नाही बघितले. आता तुम्हीच सांगा अन्याय झाला होता की नाही, आणि त्या पाच जणांचे नंबर कसे लावाल?
— एक वाचक, सांगली

उत्तर : मुलीला माझ्याकडून एक कॅडबरी द्या. मार्च २००२ मधली ती सोमवारची सकाळ मला चांगली आठवतेय, डबा भरता भरता टीव्हीकडे एक डोळा होता, नाव भलतंच आलं आणि मी पोळी तव्यावर जाळली. दिवसभर ऑफिसात आम्ही सगळे चिडलेले. आणि त्या चार सिनेमांपैकी एकही कुणी बघितला नव्हता! गंमत म्हणजे तेव्हा परभाषी सिनेमाच्या गटात मत द्यायचं तर पाचही सिनेमे थेटरात बसून बघितलेच पाहिजेत असा नियम होता. म्हणजे ज्यांनी बघितले त्यांनी ठरवलं आणि आपण न बघता भांडलो.

मी पुढे सहा-सात वर्षांत एकेक करून पाचही बघितले. माझा पहिला नंबर जिंकला त्यालाच, दानिस तानोविचचा बोस्नियाचा 'नो मॅन्स लँड'. दोन सैन्यांच्या मधल्या खंदकात एक बोस्नियन आणि एक सर्ब सैनिक अडकतात, आणि तिसरा एक जण आडवा पडलाय, त्याला मेलेला समजून त्याच्या पाठीखाली सुरुंग लावून ठेवलाय, म्हणजे त्याची माणसं उचलायला आली की उडतील. आणि तो शुद्धीवर येतो. उठला की संपला. त्यात एक सीन आहे, बंदूक ज्याच्या हातात तो दुसऱ्याला विचारतो, युद्ध कुणी सुरू केलं? समोरचा गपचूप म्हणतो, आम्ही. थोड्या वेळाने बंदूक दुसऱ्याच्या हातात जाते, प्रश्न तोच आणि उत्तरही तेच. हसू येतं आणि मग हसल्याची लाज वाटते. शेवट सांगत नाही, पण युनोचे शांतिसैनिक आणि टीव्हीवाले आपापलं काम 'उरकून' निघून जातात ते बघून मी बराच वेळ तशीच बसून होते.

दुसरा अर्जेंटिनाचा 'सन ऑफ द ब्राइड'. ब्युनोस आयर्समध्ये हॉटेल चालवणारा, कर्जाने आणि फोनने पिचलेला चाळिशीतला माणूस, आईला अल्झायमर, आणि म्हाताऱ्या बापाच्या डोक्यात एकच, आयुष्यभर तिला चर्चमध्ये लग्न करायचं होतं ते मी केलं नाही, आता करायचं. चर्च म्हणतं तिला समज नाही, तिची संमती धरता येत नाही. याचा दिग्दर्शक कांपानेला, त्यालाच पुढे २०१० मध्ये दुसऱ्या सिनेमासाठी ऑस्कर मिळालं, पण मला हाच जवळचा वाटतो.

'लगान' तिसरा. रागावू नका. आशुतोष गोवारीकर आपला, नितीन देसाईंनी भुजजवळ उभं केलेलं ते गाव आपलं, आणि पावणेचार तास माणूस हलत नाही ही काय साधी गोष्ट आहे का. पण पहिल्या तासात कळतं की गाव जिंकणार, आणि कचराला टीममध्ये घ्यायचा प्रसंग मला दरवेळी खटकतो, भुवन एक जोरदार भाषण देतो आणि शेकडो वर्षांची शिवाशिव पाच मिनिटांत विरघळते. असं कुठल्या गावात होतं हो?

चौथा नॉर्वेचा 'एलिंग', मनोरुग्णालयातून सुटून ऑस्लोत फ्लॅटमध्ये राहायला आलेले दोन मित्र. त्यातल्या एकाला फोन उचलायची भीती, आणि तोच पुढे कविता लिहून दुकानातल्या आंबवलेल्या कोबीच्या पाकिटांत गुपचूप घालून येतो. छोटासा आणि गोड आहे. पाचवा 'अमेली', त्याला एकूण पाच नॉमिनेशन्स होती आणि एकही मिळालं नाही. लाल-हिरवं पॅरिस दिसतं सुंदर, पण मला तो बासुंदीसारखा आहे, दोन वाट्या झाल्या की पुरे. यावर मला पत्रं येणार, माहितीये.

प्रश्न : 'लगान'च्या मॅचमध्ये चुका आहेत म्हणतात, खरं का?
— एक क्रिकेटवेडा, पुणे

उत्तर : गोष्ट १८९३ ची आहे. तेव्हा इंग्लंडमध्ये ओव्हर पाच चेंडूंची होती, सहा चेंडूंची झाली १९०० मध्ये. आणि सीमारेषेवरून चेंडू गेला की सरसकट सहा रन हेही तिकडे १९१० पासून, आधी मैदानाच्याच बाहेर मारावा लागायचा. म्हणजे भुवनच्या त्या शेवटच्या फटक्यावर इंग्रजांना वाद घालायला जागा होती! पण सिनेमा बघताना हे बोलू नका, मार खाल.

प्रश्न : मराठी सिनेमा ऑस्करच्या या गटात कधी पोचला का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : भारतातर्फे गेले, 'श्वास', 'हरिश्चंद्राची फॅक्टरी', 'कोर्ट'. शेवटच्या पाचात कुणीच नाही. भारताचे त्या यादीत आलेलेच तीन, 'मदर इंडिया', 'सलाम बॉम्बे' आणि 'लगान'.

प्रश्न : यातला कुठला आई-बाबांबरोबर बघू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : 'सन ऑफ द ब्राइड'. फक्त घरात कुणाला विसरण्याचा त्रास असेल तर आधी एकट्याने बघा. मी काही तयारी न करता आईबरोबर लावला होता आणि दोनदा चहा टाकायला उठले. दुसऱ्यांदा तर चहा कुणाला नकोच होता.