जुन्या भाजलेल्या वणावरची जखम भरत नाही, तुकडा तपासायचा का?

प्रश्न: डॉक्टर, माझी आई ५८ वर्षांची आहे. तरुणपणी स्टोव्हचा भडका उडून तिचा उजवा पाय गुडघ्याच्या मागे भाजला होता, तेव्हा कातडी वगैरे लावली नाही, आपोआप भरू दिलं. तिथली कातडी आखडलेलीच आहे, उकिडवं बसली की चिरते आणि आठ-दहा दिवसांत भरते. पण या वेळी पाच महिने झाले, भरतच नाहीये. पू तपासला, दोनदा अँटिबायोटिक बदललं, शुगर नॉर्मल आहे. आता डॉक्टर बायोप्सी करू म्हणतात पण मामा म्हणतात तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, हात लावू नका. काय करावं? (एक वाचक, जि. सांगली)

उत्तर: बायोप्सी करा, आणि याच आठवड्यात करा. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो ही भीती घरोघरी आहे, पण ती खरी नाही. पसरतो तो न तपासता ठेवल्यामुळे. आणि पुवाची तपासणी म्हणजे बायोप्सी नव्हे हो, त्यात फक्त जंतू कोणते ते कळतं, पेशी कशा आहेत ते कळत नाही. असे पेशंट कल्चरच्या रिपोर्टांची फाईल घेऊन येतात आणि तुकडा एकदाही तपासलेला नसतो, फार वाईट वाटतं.

भाजल्याच्या जुन्या वणावर, वर्षानुवर्षं वाहणाऱ्या हाडाच्या जखमेवर, पायाच्या जुनाट अल्सरवर असा कॅन्सर होऊ शकतो. रिपोर्टवर मार्जोलिन्स अल्सर असं लिहिलेलं दिसेल, १८२८ मध्ये मार्जोलिन नावाच्या फ्रेंच सर्जनने वणावरच्या अशा जखमांचं वर्णन केलं होतं म्हणून ते नाव. भाजल्यापासून कॅन्सर होईपर्यंत साधारण तीसेक वर्षं जातात, म्हणून घरच्यांना दोन्हीचा संबंधच लागत नाही.

पुढच्या ड्रेसिंगला जखमेची कड नीट बघा. भरत आलेल्या जखमेची कड पातळ, गुलाबी, आत उतरत गेलेली असते. संशयाची कड जाड, कडक, बाहेरच्या बाजूला उलटलेली असते, मधे फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं मांस वाढतं, कापूस लागला तरी रक्त येतं, आणि रोज ड्रेसिंग करूनही वास जात नाही. पूर्वी न दुखणारी जागा दुखायला लागली तर तेही सांगा. जांघेत अवधाण (सुजलेली गाठ) आलंय का तेही बघायला लावा, कारण वणात रक्तवाहिन्या आणि लिम्फच्या (शरीरातला पाझर वाहून नेणाऱ्या) नळ्या कमी असतात त्यामुळे हा कॅन्सर बरेच दिवस तिथेच अडकून राहतो, पण एकदा चांगल्या कातडीत शिरला की मग फार वेळ देत नाही.

तुकडा जागा बधिर करूनच काढतात. डॉक्टरांना एवढं विचारा की कडेवरून आणि मधूनही, दोन-चार ठिकाणांहून आणि जरा खोल घेणार ना. वरवरचा एकच तुकडा घेतला तर कॅन्सर असूनही रिपोर्टमध्ये नुसती सूज किंवा कातडीची साधी वाढ असं येऊ शकतं. असा रिपोर्ट आला आणि तरीही जखम भरली नाही तर परत तपासायचं, कंटाळायचं नाही. कॅन्सर निघालाच तर हाडापर्यंत गेलाय का ते एक्स-रे, एमआरआयमध्ये बघतात. वेळेत सापडला तर आजूबाजूची थोडी चांगली कातडी घेऊन तो भाग काढतात, वर कातडी लावतात आणि पाय बहुतेक वेळा वाचतो. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या हॉस्पिटलात चौकशी करा.

प्रश्न: आजी रोज परकराची नाडी घट्ट बांधते, कंबरेवर काळा खरखरीत पट्टा पडलाय. हेही तसलंच का?

उत्तर: बहुतेक वेळा नाही, ते घर्षणाने कातडी काळी आणि जाड होणं असतं. पण वर्षानुवर्षांच्या अशा घर्षणातून क्वचित कॅन्सर होतो हेही खरं, मुंबईच्या डॉ. खानोलकरांनी १९४५ मध्येच धोतराच्या गाठीखालच्या अशा कॅन्सरबद्दल लिहून ठेवलंय. नाडीऐवजी रुंद पट्टी लावा, सैल बांधा, जागा बदलत राहा. त्या पट्ट्यावर चीर, गाठ किंवा चामखिळीसारखं काही आलं आणि महिनाभरात गेलं नाही तर मलम लावत बसू नका, स्किनच्या डॉक्टरांना दाखवून तुकडा तपासून घ्या.