इंग्लंडच्या हिवाळ्यात मधमाश्या कशा जगवायच्या? त्यासाठी मधमाशीपालकांच्या क्लबात जायलाच हवं का?

तुम्ही लिहिलंय की यंदा पहिली पेटी घेतली, थंडी तोंडावर आलीय, आणि क्लबातल्या एका जुन्या सभासदाने आतल्या झाकणाच्या चारही कोपऱ्यांत आगपेटीतल्या काड्या ठेवून फट करायला सांगितलंय. ठेवू नका. बाकीच्या प्रश्नांकडे येतो, पण काड्यांचा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही. माझी इथली पहिली वसाहत मी हाच सल्ला ऐकून गमावली.

मी मूळचा जावळी तालुक्यातला. आमचे दादा, म्हणजे वडील, सातेरीच्या, म्हणजे आमच्याकडच्या देशी मधमाशीच्या, पेट्या सांभाळायचे. महाबळेश्वरच्या मध संचालनालयात शिकून आले होते. आमच्याकडे माशीची परीक्षा हिवाळ्यात नसते, पावसाळ्यात असते. जून ते सप्टेंबर फुलोरा नाही, माशीला बाहेर पडता येत नाही, साखरेच्या पाकावर दिवस काढायचे. मिरग लागायच्या आधी दादा प्रत्येक पेटीच्या झाकणावर भाताचा पेंढा पसरायचे, वर गोणपाट, त्यावर प्लास्टिकचा कागद आणि शेवटी दगड. "डोकं कोरडं ऱ्हायलं म्हंजी माशी जगती," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मिडलँड्समध्ये आल्यावर तिसऱ्या वर्षी मी पेटी घेतली आणि इथल्या क्लबात नाव घातलं. ऑक्टोबरच्या बैठकीत एक ज्येष्ठ सभासद उभे राहिले. चाळीस वर्षं माश्या पाळलेला माणूस, स्वभावाने अतिशय चांगला. म्हणाले, माशी थंडीने मरत नाही, ओलीने मरते. हे अगदी खरं आहे. पण पुढे म्हणाले, म्हणून वर फट ठेवा, दमट हवा निघून जाईल. रात्री दादांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "अरं, आढ्याला भोक पाडून घर कधी उबदार ऱ्हातं का?" मला वाटलं, हवा इथली, अनुभव इथला, दादांना काय माहीत. काड्या ठेवल्या.

फेब्रुवारीत एका दुपारी ऊन पडलं, पारा 12 अंशांवर गेला. शेजारच्या बागेतल्या पेटीसमोर माश्या घिरट्या घालत होत्या. माझ्या पेटीच्या दारात हालचाल नाही. झाकण उचललं. आतल्या झाकणाच्या खालच्या बाजूने पाण्याचे थेंब लोंबत होते, कडेच्या पोळ्यांवर हिरवट बुरशी. मधल्या दोन चौकटींमध्ये मोसंबीएवढा माश्यांचा घोस, सगळा मेलेला. कित्येक माश्यांची डोकी रिकाम्या घरांत आत गेलेली, नुसती शेपटं बाहेर. पाठीवर पिवळा ठिपका असलेली राणी मधोमध. आणि त्या घोसापासून चार बोटांवर झाकबंद मध होता, पांढराशुभ्र, न फोडलेला. चार बोटं सरकण्याइतकीही ऊब त्यांच्यात उरली नव्हती. ती चौकट हातात धरून मी बराच वेळ तिथेच उभा होतो.

आता हे का होतं ते बघा. पारा साधारण 14 अंशांखाली गेला की माश्या एकत्र येऊन घोस करतात आणि पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवून ऊब तयार करतात. त्यासाठी मध जाळावा लागतो, आणि एक किलो मध जळला की अर्ध्या लिटरहून जास्त पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडतं. ही गरम दमट हवा वर जाते. वरचं झाकण गार असेल तर तिथेच पाणी धरतं आणि थेट घोसावर टपकतं. झाकण उबदार असेल तर तेच पाणी बाजूच्या गार भिंतींवर धरतं आणि ओघळून जातं. म्हणजे झाकण गार पडू न देणं हा उपाय आहे. वर फट ठेवली की ओल थोडी जाते खरी, पण कष्टाने केलेली ऊबही तिच्याबरोबर जाते, आणि ती भरून काढायला आणखी मध जाळावा लागतो.

दुसऱ्या वर्षी मी छताला लावतात तो पाच सेंटीमीटर जाडीचा फोम आतल्या झाकणावर बसवला, त्या झाकणाचं मधलं भोक बंद केलं, तळाची जाळी उघडी ठेवली. मार्चमध्ये माश्या सहा चौकटींवर होत्या. हे क्लबात सांगितलं तर ते गृहस्थ म्हणाले, आम्ही चाळीस वर्षं असंच करतोय. तेव्हा मला पटकन उत्तर सुचलं नाही. आज सुचतंय. काड्यांची ती फट माशी स्वतः झाडांचा चीक आणून बुजवते. तिला हवी असती तर तिने बुजवली असती का?

तुमचे बाकीचे प्रश्न. मोठ्या वसाहतीला हिवाळ्यासाठी 18 ते 20 किलो मध लागतो. कमी असेल तर सप्टेंबरातच दोन किलो साखरेला एक लिटर पाणी असा पाक द्या. डिसेंबरात पातळ पाक अजिबात नको, फॉन्डंट, म्हणजे साखरेचा घट्ट गोळा, द्या. पेटी उघडायची नाही, मागून एका हाताने किंचित उचलून वजनाचा अंदाज घ्यायचा. दाराला उंदराची जाळी, आणि हिरवा सुतार पक्षी येत असेल तर पेटीभोवती कोंबड्यांच्या खुराड्याची तार.

क्लबात मात्र जाच. बेकरीचा फॉन्डंट 12.5 किलोच्या खोक्यात येतो, एका पेटीला तो फार होतो. आमच्याकडे चौघे मिळून एक खोकं घेतो. जानेवारीत सूक्ष्मदर्शकाखाली मेलेल्या माश्या तपासायची संध्याकाळ असते, चौकटी ठोकायची असते, आणि क्लबामार्फत राष्ट्रीय संघटनेचं सभासदत्व घेतलं की विमाही मिळतो. नवख्या माणसाला हे एकट्याने जमत नाही.

एक सांगायचं राहिलं. त्या पहिल्या वर्षी मी व्हरोआचं औषध केलं नव्हतं. व्हरोआ मूळची सातेरीवरची कीड. सातेरी तिला आवरून धरते, म्हणून दादांच्या तोंडून मी तिचं नाव कधी ऐकलंच नव्हतं. इथल्या माशीला ते जमत नाही. तेव्हा माझी वसाहत आधीच अशक्त झाली असणार, सगळा दोष काड्यांना देता येणार नाही. काड्या ठेवून जगलेल्या पेट्याही मी पाहिल्यात. नाताळच्या सुमारास पेटीत पिलावा, म्हणजे अंडी-अळ्या, नसतो, तेव्हा ऑक्झॅलिक आम्लाचं औषध देतात, घोस असलेल्या प्रत्येक दोन चौकटींमधल्या फटीत 5 मिली. पहिल्यांदा क्लबातल्या कुणाला तरी सोबत घ्या. माझ्या पेटीला ते काड्यावाल्या गृहस्थांनीच शिकवलं, आणि त्यांचा हात या कामात फार हलका आहे. फोम मात्र त्या दिवशीही पेटीवर होता, आणि काम झाल्यावर तो त्यांच्यासमोरच मी परत बसवला.