‘हुंडेकरी’ शब्दातला हुंडा कोणता?

‘हुंडेकरी’ या आडनावाचा लग्नातल्या हुंड्याशी संबंध आहे का, असा प्रश्न आला आहे. हा हुंडा मालवाहतुकीतला. हुंडा किंवा हुंडेभाडे म्हणजे वाटेतल्या सगळ्या जकातींसह ठरवलेले उक्ते भाडे. असा करार करून माल पोहोचवणारा तो हुंडेकरी.

जकातीमुळेच या करारात अर्थ होता. मराठेशाहीत माल भरला तिथे थळभरीत, विकला तिथे थळमोड आणि मधल्या नाक्यांवर आणखी देणे. समजा, पुण्याच्या व्यापाऱ्याला 20 गोणी पनवेल बंदरात धाडायच्या आहेत. नुसते बैलभाडे ठरवले, तर प्रत्येक नाक्याचा खर्च त्याच्या माथी. हुंडा ठरवला, की रक्कम एकच. नाका वाढला किंवा जकात चढली, तर तोटा हुंडेकऱ्याचा. म्हणून नुसत्या भाडोत्री बैलवाल्याला हुंडेकरी म्हणत नसत. जोखीम हा या शब्दाचा गाभा आहे, आणि ‘वाहतूकदार’ या आजच्या शब्दात नेमकी तीच हरवते.

रेल्वे आल्यावर हुंडेकरी मालधक्क्यावर आला. व्यापाऱ्याकडून रेल्वेची पावती (आरआर) घ्यायची, भाडे बाकी असेल तर भरायचे, नग मोजून, फुटतूट पाहून माल सोडवायचा आणि दुकानात पोहोचवायचा. फुटलेला नग ताबा घेतानाच नोंदवून घ्यावा लागे. नंतरची तक्रार सिद्ध करणे कठीण. मुदतीत वाघीण (मालगाडीचा डबा) रिकामी झाली नाही तर डेमरेज, आणि उतरवलेला माल धक्क्यावरच पडून राहिला तर व्हार्फेज. या दोन दंडांची गल्लत फार होते. हमाल ओझे वाहतो, आडत्या माल विकून देतो, हुंडेकरी माल सोडवून पोहोचवतो. तिघांची कामे वेगळी.

व्युत्पत्तीकडे वळू. ‘-करी’ हा प्रत्यय शेतकरी, वारकरी यांतला. ‘हुंडा’च्या जवळचा शब्द ‘हुंडी’, म्हणजे ठरलेली रक्कम देण्याची लेखी चिठ्ठी. तिच्यासाठी संस्कृत ‘हुण्डिका’ दाखवतात. बाराव्या शतकातल्या राजतरंगिणी या काश्मीरच्या इतिहासग्रंथात तो शब्द आहे. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, ‘हुण्ड्’ धातूचा एक अर्थ गोळा करणे असा आहे. हुंडी, हुंडेभाडे आणि लग्नातला हुंडा या तिन्हींत आधी ठरवलेली रक्कम आहे, म्हणून मला ते एकाच कुळातले वाटतात. पण ‘हुंडेकरी’ थेट लग्नाच्या हुंड्यावरून काढणे चूक. ते आडनाव धंद्यावरून पडले, पोतदार किंवा सराफ यांच्यासारखे.