मित्राने पेन ड्राइव्हवर दिलेले हजारो फॉन्ट गिऱ्हाइकाच्या कामात वापरले तर चालतात का?

नाही चालत.

नाशकात रविवार कारंजाजवळ मी आणि थोरला भाऊ मिळून डीटीपीचं दुकान चालवतो. आमच्याकडेही असंच एक फोल्डर होतं, कुठून कुठून जमलेलं. मी दादाला म्हणायचो, निदान लोगोला लागतात तेवढे तरी विकत घेऊ. त्याचं ठरलेलं उत्तर, "अक्षरांचे कोण पैसे मागतं?" मग पिंपळगावच्या एका निर्यातदाराच्या द्राक्षपेटीचं काम आलं. नाव इंग्रजीत, वळणदार फॉन्ट दादाने निवडला. फॉन्टसोबतच्या टेक्स्ट फाइलीत 'फक्त वैयक्तिक वापरासाठी' असं लिहिलेलं होतं, ती आम्ही उघडलीच नाही. पेट्या युरोपात गेल्या, तिथल्या आयातदाराने फोटो वेबसाइटवर टाकला आणि फॉन्ट बनवणाऱ्याचा मेल थेट आमच्या गिऱ्हाइकाला आला: परवाना दाखवा. ऐन फेब्रुवारी, पॅकहाउसमध्ये माल पडलेला, आणि तो माणूस मला फोनवर विचारतोय, "तुम्ही मला चोरीचं दिलंत का?" माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. परवान्याचे पैसे आम्ही भरले, ते काही फार नव्हते. पण 8 वर्षांचं गिऱ्हाईक गेलं.

दादा म्हणतो नशीब वाईट होतं. नशिबाचा काय संबंध? फॉन्टची फाइल म्हणजे सॉफ्टवेअर. सॉफ्टवेअरची चोरटी प्रत जाणूनबुजून वापरली, तर 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 63ब मध्ये 7 दिवस ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड आहे.

आणि पैसे नाहीत हे कारण मला पटत नाही. मुक्ता, बलू, नोटो हे देवनागरी फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली मिळतात. धंद्याच्या कामाला फुकट चालतात, फक्त नुसता फॉन्ट विकायचा नाही. लग्नपत्रिका, पाट्या, पॅकिंग, सगळं त्यात भागतं.

प्रेसला फॉन्टची फाइल पाठवू नका, अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे त्यांचे नुसते आकार करून द्या. हो, विकत घेतला म्हणजे सगळीकडे चालतो असंही नाही. डेस्कटॉपचा परवाना छपाईला पुरतो, वेबसाइटला आणि ॲपला बहुतेक वेळा वेगळा घ्यावा लागतो. प्रत्येकाच्या अटी निराळ्या, त्या वाचाच.

ते फोल्डर मी त्याच संध्याकाळी उडवलं. दादा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. आता प्रत्येक कामाच्या फाइलीला परवान्याचं बिल जोडतो, आणि तो अजून त्याला फुकटचा खर्च म्हणतो.