ग्रेड परीक्षेची तयारी आणि संग्रहालयाची भेट यांची सांगड शाळेत घालता येते का?

आपण कोल्हापुरातील एका माध्यमिक शाळेत नुकत्याच कलाशिक्षिका म्हणून रुजू झाला आहात. चित्रकलेला आठवड्यात मोजक्याच तासिका मिळतात, पालकांना आणि मुख्याध्यापकांना एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांचा निकाल हवा असतो, आणि आपल्याला मात्र मुलांना टाऊन हॉलच्या संग्रहालयात नेऊन काही निराळे शिकवावेसे वाटते. ही दोन्ही कामे एकत्र जमतील का, असे आपण विचारले आहे. मी याच शहरात अनेक वर्षे चित्रकला शिकवली. माझ्या मते ती जमतात, इतकेच नव्हे तर परीक्षेतील निम्म्याहून अधिक अडचणींवर उपाय संग्रहालयातच सापडतो. अट एवढीच की भेटीला सहलीचे रूप येऊ देऊ नये. तासाभरात सगळी दालने फिरवली की मुले वहीत फक्त पाट्या उतरवून घेतात आणि बाहेर बागेत जाऊन डबे उघडतात.

आधी परीक्षेविषयी. कला संचालनालयाच्या या परीक्षांना नावे ठेवण्याची आपल्या क्षेत्रात रीतच पडली आहे, पण वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन हे विषय मुळात वाईट नाहीत. वाईट आहे ती त्यांची घोकंपट्टी. स्मरणचित्राचेच पाहा. बाजार, रंगपंचमी, बसथांबा असे ठरावीक प्रसंग मुलांकडून गिरवून घेतले जातात आणि त्यांतील माणसे सर्वत्र तीच असतात: पाठमोरी पाटीवाली, एका हातात पिशवी धरलेले गृहस्थ, कोपऱ्यात कुत्रे. प्रसंग बदलला तरी माणसे बदलत नाहीत. इंटरमिजिएटच्या श्रेणीला दहावीत वाढीव गुण मिळू लागल्यापासून शिकवणीवर्गांत ही पाठांतरे अधिकच पक्की झाली आहेत. मुलाने स्मरणात काही साठवलेच नसेल, तर स्मरणचित्र म्हणून तो दुसऱ्याचेच चित्र काढणार.

यावर मला उपयोगी पडलेली पद्धत सांगतो. कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेली पोसायडन या ग्रीक सागरदेवाची रोमन बनावटीची कांस्यमूर्ती कोल्हापूरच्या संग्रहात आहे. ती हातात मावेल एवढी लहान आहे, त्यामुळे एका वेळी पाच-सहा मुलांनाच तिच्यासमोर उभे करावे. ती कोणाची, कुठली, किती जुनी, यातले काहीही आधी सांगू नये. दोन मिनिटे नुसते पाहायला लावावे आणि मोजके प्रश्न विचारावेत: शरीराचा भार कोणत्या पायावर आहे? त्यामुळे कंबर कोणत्या बाजूला झुकली आहे? दोन्ही खांदे एका रेषेत आहेत का? मग मुलांना मूर्तीकडे पाठ करून बसवावे, आठवेल तसे रेखाटन करायला सांगावे, आणि ते झाल्यावर पुन्हा समोर आणून जिथे चूक दिसेल तिथे वेगळ्या रंगाच्या पेन्सिलीने दुरुस्ती करायला लावावी. पहिल्या रेखाटनात जवळजवळ प्रत्येकाची मूर्ती दोन्ही पायांवर सारखा भार देऊन, कवायतीत सावधान उभी राहावी तशी येते. दुसऱ्या रंगाची रेघ कमरेवरून तिरकी जाते तेव्हा माणूस उभा राहतो म्हणजे त्याच्या शरीरात काय घडते, ते मुलाला कळते. यानंतर बसथांब्यावरची माणसे काढताना त्याला पाठांतर लागत नाही.

नाव-गाव त्यानंतर सांगावे, कारण तेव्हाच मुले आपणहून विचारतात. भूमध्य समुद्राकाठचा सागरदेव पंचगंगेकाठी कसा आला, या प्रश्नातून सातवाहन काळ, पश्चिम किनाऱ्यावरील बंदरे आणि घाटमार्गाने चालणारा व्यापार हे सगळे ओघाने येते. इतिहासाच्या शिक्षकांना बरोबर घेतले तर त्यांचाही एक पाठ होतो. ब्रह्मपुरीचे उत्खनन 1945-46 मध्ये डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी केले, हेही सांगावे. अशा लहान मौल्यवान वस्तू कधी प्रदर्शनासाठी बाहेरगावी जातात, म्हणून ती दालनात मांडलेली आहे का, याची चौकशी मात्र आधी करावी.

वस्तुचित्रासाठी जुनी मातीची भांडी पाहावीत. मुले मडक्याचे तोंड लंबवर्तुळाकार काढतात, त्याची दोन्ही टोके अणकुचीदार करतात आणि बूड मात्र सरळ रेघेने मिटवून टाकतात. फळ्यावर कितीही समजावले तरी ही खोड जात नाही. एकच भांडे मुलाला आधी उभ्याने आणि मग उकिडवे बसून पाहायला लावावे. डोळ्यांची पातळी खाली आली की तोंडाचे लंबवर्तुळ मिटत मिटत जवळजवळ रेघ होते. वर गेली की ते उघडते, आणि बुडाची कड तोंडापेक्षाही अधिक गोलावते, कारण ती डोळ्यांपासून अधिक खाली असते. एवढे एकदा स्वतः पाहिलेला मुलगा परीक्षेतील स्टुलावरच्या तांब्यापुढे अडत नाही.

चित्रांच्या दालनात सगळी चित्रे दाखवण्याच्या मोहात पडू नये. मी चित्रकार आबालाल रहिमान यांच्या चित्रांपाशी थांबतो. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून ते कोल्हापुरास परतले, शाहू महाराजांचा आश्रय त्यांना लाभला, आणि 1931 मध्ये निधन होईपर्यंत कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगा हा परिसर ते रंगवत राहिले. मुलांच्या दृष्टीने मोठी गोष्ट ही की चित्रातील जागा सायकलवरून गाठता येते. निसर्गचित्र म्हटले की दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि नारळाचे झाड काढणाऱ्या मुलाला पाण्यावरचे ऊन कोणत्या रंगाने दाखवले आहे ते विचारावे, आणि पुढच्या रविवारी सकाळी कोटितीर्थावर जाऊन तेच पाणी पाहून यायला सांगावे. पालकांपैकी कोणी सोबत गेले तर उत्तमच.

आता दृश्यसंस्कृतीच्या, म्हणजे रोज डोळ्यांपुढे येणाऱ्या पाट्या-पोस्टरांसारख्या चित्रांच्या, अभ्यासाविषयी, ज्याचा आपल्या प्रश्नात ओझरता उल्लेख आहे. त्यासाठी मला कोल्हापूरइतके सोयीचे गाव दुसरे दिसत नाही. बाबूराव पेंटर (1890–1954) यांनी आधी चुलतभाऊ आनंदराव यांच्यासह नाटकांचे पडदे रंगवले, मग महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि आपल्या चित्रपटांची पोस्टरेही रंगवली. पडदा, पोस्टर, दुकानांच्या आणि तालमींच्या हाताने रंगवलेल्या पाट्या आणि आजचा डिजिटल फ्लेक्स, अशी साखळी मुलांपुढे सरळ मांडता येते. चौकातल्या वाढदिवसाच्या एका फ्लेक्सचे रेखाटन आणायला सांगावे: सर्वांत मोठा चेहरा कोणाचा, वरच्या पट्टीत कोणाचे फोटो, शुभेच्छुकांना किती जागा, अक्षरांना किती सावल्या आणि किती कडा. जुनी रंगवलेली पाटी सापडली तर शिरोरेषेची जाडी आणि अक्षरांमधील अंतर तिच्याशी ताडून पाहावे. अक्षरलेखनाचा याहून चांगला पाठ वर्गात होणार नाही. मात्र फ्लेक्सवरचे ‘दादा’ आणि ‘साहेब’ हे कोणाचे ना कोणाचे नातलग असतात, तेव्हा चर्चा मांडणीपुरतीच ठेवावी आणि मुख्याध्यापकांना आधी कल्पना द्यावी.

राहता राहिली व्यवस्था. शाळेच्या पत्रावर संग्रहालयाच्या अभिरक्षकांच्या (क्युरेटरच्या) नावे अर्ज करावा आणि त्यात विद्यार्थ्यांची संख्या, वेळ आणि मुले बसून रेखाटन करणार आहेत, हे स्पष्ट लिहावे. नुसते ‘भेट’ लिहिले तर बसण्याची परवानगी ऐनवेळी मागावी लागते. पाण्याचे रंग नेऊ नयेत. पेन्सिल, पॅड आणि कागद पुरे. पूर्ण तुकडी एकदम नेण्यापेक्षा निम्मी न्यावी आणि उरलेल्या निम्म्या मुलांना तेवढा वेळ बाहेर बसवून टाऊन हॉलच्याच इमारतीचे रेखाटन द्यावे. ती 1872 ते 1876 या काळात मेजर मँट यांच्या आराखड्याप्रमाणे गॉथिक शैलीत बांधलेली असून तिच्या टोकदार कमानी भूमितीच्या पेपरच्या तयारीसाठी चांगल्या आहेत. मग गट बदलावेत. हे सगळे पहिल्या सत्रातच करावे, कारण परीक्षा तोंडावर आल्यावर कोणताही मुख्याध्यापक मुलांना बाहेर सोडत नाही.